जाळीच्या कपाटातला शेवटचा डबा

मित्रांनो, मी एक जुना टूना माशाचा डबा आहे. तुमच्या तळहातावर आरामात बसेन एवढाच. अंगावरचा रंगीत कागद केव्हाच निघून गेला, झाकण नाही, आणि एका कुशीला चांगला अंगठाभर पोचा आहे. आता माझ्या पोटात मासा नाही. पण एके काळी होता, आणि तो पोटात घेऊन मी चार वर्षे कोंडलेला होतो. त्यातले शेवटचे सहा महिने माझ्याबरोबर चार माणसेही अडकली होती. मला खरे तर त्यांच्याबद्दल सांगायचे आहे. पण माझे सांगितल्याशिवाय त्यांचे सांगता येत नाही, म्हणून थोडे माझ्यापासून सुरू करतो.

मी जन्माने पत्रा. पोलादाच्या पातळ पत्र्यावर कथिलाचा मुलामा देतात, म्हणजे गंज धरत नाही. यंत्राने त्या पत्र्याची चकती कापली, एका दणक्यात ती वाटीसारखी दाबली आणि मी तयार झालो. पहिले दोन दिवस मी रिकामा होतो. वरून उजेड यायचा, वारा यायचा. मला वाटले, आयुष्य असेच असते.

मग आम्हाला मासळीच्या कारखान्यात नेले. तिथे पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका लांबलचक टेबलांपाशी उभ्या होत्या. पायात रबरी बूट, हातात लहान सुऱ्या. वाफेवर शिजवलेला टूना त्यांच्यासमोर यायचा. त्या त्याची कातडी काढायच्या, काटे काढायच्या, काळपट मांस बाजूला सारायच्या आणि फिकट गुलाबी तुकडे डब्यात भरायच्या. मला भरले ते एका डावखुऱ्या बाईने. शेजारणीशी ती आपल्या मुलीच्या गणिताच्या मार्कांबद्दल तावातावाने बोलत होती, पण हात एकदाही चुकला नाही. तिने अंगठ्याने मासा नीट दाबला. त्यावर थोडे मीठ पडले, थोडे तेल पडले. पुढच्याच क्षणी यंत्राने माझ्यावर झाकण ठेवले, त्याची कड माझ्या कडेत दुमडली आणि उजेड गेला.

त्यानंतर आम्हाला एका भल्यामोठ्या लोखंडी पिंपात घालून तासभर दाबाची वाफ दिली. अंगाची लाही लाही झाली. पण त्या वाफेनेच माझ्या पोटातले सगळे जंतू मेले. म्हणून तर मी बर्फाशिवाय, फ्रीजशिवाय पाच वर्षे टिकू शकत होतो. कारखान्याचा मुकादम पाहुण्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगायचा, की या एका डब्यात चार अंड्यांची ताकद आहे, किंमत मात्र गरिबाच्या खिशाला झेपेल अशी. मला भारी अभिमान वाटायचा. आता कुणीतरी मला घरी नेईल, माझ्यावर पोट भरेल आणि माझी सुटका होईल, अशी मी वाट बघू लागलो.

वाट बघता बघता साडेतीन वर्षे गेली. एका घाऊक दुकानाच्या सगळ्यात वरच्या फळीवर माझे खोके पडून होते. गिऱ्हाइके यायची, नाक मुरडायची आणि म्हणायची, "डब्यातलं आहे, शिळंच असणार." झाकणाआडून मला ओरडून सांगावेसे वाटायचे. पण डब्याने ओरडायचे कसे?

शेवटी एका मालवाहू जहाजासाठी आमची उचल झाली. जहाजाच्या मालकाचा माणूस आला होता. त्याने दुकानदाराला स्वस्तातले आणि टिकाऊ असे काहीतरी द्यायला सांगितले. दुकानदाराने आमची तीन खोकी काढली. खोके खाली घेताना हमालाच्या हातून निसटले आणि मी त्याच्या कोपऱ्यात असल्यामुळे सगळा मार माझ्या कुशीत बसला. हा पोचा तेव्हाचा.

जहाजावरच्या स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात. आमचा भंडारी पन्नाशीचा, बुटका आणि गोलमटोल होता. खांद्यावर सदा पंचा. एकटा असला की तो भांड्यांशी बोलायचा. कढईला तो "बाई" म्हणायचा आणि कुकरची शिट्टी अडकली की त्याची समजूत काढायचा. त्याने खोकी उघडली, आम्हाला एकेक करून जाळीच्या कपाटात रचले आणि माझ्यापाशी थांबला. पोचा पाहिला. कडेवरून अंगठा फिरवला, झाकण दाबून बघितले. मित्रांनो, हे लक्षात ठेवा. डबा फुगलेला असेल, गळत असेल किंवा त्याच्या शिवणीलाच मार बसला असेल, तर तो खायचा नसतो. माझे तसे काही नव्हते.

"लागलंय, पण मोडलेला नाहीस," भंडारी मला म्हणाला. "तू मागे बस. तुझा नंबर सगळ्यांत शेवटी."

त्याने मला कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात ठेवले. तिथून जाळीतून मला जहाजाचे स्वयंपाकघर दिसायचे, पलीकडचे जेवणाचे टेबल दिसायचे आणि एका गोल खिडकीतून डेकचा तुकडा. पुढचे सगळे मी तिथूनच पाहिले.

जहाजावर माणसे चारच. कप्तानसाहेब हडकुळे, बोलायला मऊ. भर समुद्रातही त्यांच्या शर्टाची इस्त्री मोडलेली नसायची. इंजिन सांभाळणारे सगळ्यांत वडीलधारे, त्यांना सगळे मिस्त्रीकाका म्हणत. तीस-पस्तीस वर्षे इंजिनांच्या आवाजात काढल्यामुळे त्यांना एका कानाने कमी ऐकू यायचे आणि म्हणून ते साधे मीठ मागितले तरी भांडत असल्यासारखे वाटायचे. तिसरा खलाशी. तो इतका उंच, की स्वयंपाकघरात शिरताना दर वेळी चौकटीला डोके आपटायचा. त्याचे नाव लंबू पडले होते. आणि चौथा आमचा भंडारी.

जहाज सिमेंट उतरवून एका मोठ्या बंदराबाहेर नांगर टाकून उभे राहिले. धक्क्याला लागायला दोन दिवस थांबा, असा निरोप होता. दोनाचे आठ झाले, आठाचे वीस. मग कळले, की मालकाने हात वर केले आहेत. तो फोन उचलत नव्हता, त्याच्या कचेरीला कुलूप होते. बंदराच्या अधिकाऱ्यांनी जहाजाचे कागद ताब्यात घेतले. आता जहाज पुढेही जाईना आणि मागेही येईना. तुम्हाला वाटेल, मग माणसांनी उतरून घरी जायचे. तसे जाता येत नव्हते. उभे जहाज माणसांशिवाय सोडायचे नाही, असा बंदराचा नियम होता, आणि किनाऱ्यावर पाय ठेवण्याचा परवाना चौघांपैकी एकाकडेही नव्हता.

समोर शहर दिसायचे. सकाळी बसगाड्यांच्या काचा चमकायच्या, गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे हलताना दिसायचे. लंबू कठड्याला टेकून तासन् तास ते कपडे बघत बसायचा. मी जाळीतून त्याला बघायचो. डब्यात मासा, कपाटात डबा, जहाजात कपाट आणि पाण्यात जहाज. कोण कुणाच्या कोंडीत आहे, तेच मला कळेनासे झाले.

दुसरा महिना सरता सरता डिझेल संपत आले आणि फ्रीज बंद करावा लागला. आतले मांस आणि अंडी दोन दिवसांत वास मारू लागली. भंडाऱ्याने नाकाला पंचा बांधून सगळे समुद्रात टाकले. तो परत आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. वासाने की कशाने, ते त्याने सांगितले नाही. खलाशांना मदत करणाऱ्या एका संस्थेची होडी पंधरवड्याला यायची. दोरीला बांधून पाणी, तांदूळ, कांदे, बटाटे वर चढवायची आणि जायची. पोट भरत होते, पण नुसत्या भाताने अंगात ताकद कुठून येणार? लंबूने गळ टाकून पाहिला. एक मासा लागलाही. पण नांगरलेल्या जहाजांच्या त्या पाण्यात इतके तेल होते, की तो चुलीवर ठेवताच सगळीकडे रॉकेलचा वास सुटला.

तेव्हा भंडाऱ्याने जाळीचे कपाट उघडले.

पहिल्या दिवशी मिस्त्रीकाकांनी ताटली पुढे ढकलली. आपण जन्मभर ताजा मासा खाल्ला आहे, हे डब्यातले मांजराला घाला, असे त्यांनी सुनावले.

"मांजर असतं तर त्याने एव्हाना ताटली चाटून ठेवली असती, काका," भंडारी म्हणाला. "इंजिनाला तेल लागतं की नाही? तसं समजा आणि घ्या."

इंजिनाचे नाव काढल्यावर काकांचा नाइलाज झाला. त्यांनी एक घास खाल्ला, तोंड वेडेवाकडे केले आणि मग ताटली पुसून स्वच्छ केली. भंडाऱ्याने कांदा बारीक चिरून, मिरची परतून त्यात मासा घातला होता. पुढे तो कधी बटाट्यात कुस्करायचा, कधी भाताबरोबर परतायचा, कधी त्याच्या टिकिया थापायचा. रोज दोन डबे जायचे. माझे भाऊ एकेक करून उजेडात गेले. उघडताना टच्च असा आवाज व्हायचा आणि मी तो कान देऊन ऐकायचो. आनंदाने म्हणा, मत्सराने म्हणा.

रोज सकाळी नऊ वाजता बंदरातून वायरलेसवर जहाजाची खबर विचारत. कप्तानसाहेब उत्तर देत, "चारही माणसं ठीक. सर्व ठीक." ठीक काही नव्हते. पण तक्रार केली तर जहाज नीट सांभाळता येत नाही असा शेरा बसेल, आपला कप्तानकीचा परवाना जाईल, या भीतीने ते रोज तेवढेच बोलत. खरे ते सगळे त्यांच्या आतच कोंडलेले, जणू तेही एक डबाच.

एके सकाळी मोठा प्रसंग आला. आदल्या दिवशी होडीबरोबर लंबूला घरचे पत्र आले होते. त्याच्या थोरल्या मुलीचे लग्न ठरले होते, तारीख महिनाभरावर होती. सकाळी तो लाइफ जॅकेट घालून कठड्यावर चढला. किनारा तीन मैल. आपण पोहून जाणार, असे त्याने जाहीर केले. कप्तानसाहेब धावत आले. पाण्याला ओढ किती आहे, वाटेत पोलिसांची गस्त किती आहे, सगळे सांगून झाले. लंबू ऐकायला तयार नव्हता. भंडारी शांतपणे बाहेर गेला आणि त्याने एवढेच विचारले, की बाबा, काल रात्री तू धड जेवला नाहीस, मग तीन मैल कशाच्या जोरावर पोहणार? आधी जेव आणि मग खुशाल जा, मी अडवणार नाही. लंबूला ते पटले. तो उतरून आत आला, चौकटीला डोके आपटले, टेबलाशी बसला. भंडाऱ्याने गरम भात आणि टिकिया वाढल्या आणि समोर बसून मुलीबद्दल विचारू लागला. ती दिसते कशी, शिकली किती, जावई काय करतो. बोलता बोलता लंबू रडू लागला. रडून झाल्यावर त्याने आणखी भात मागितला. पोहायला तो गेला नाही.

त्याच दिवशी भंडाऱ्याने कपाटातले डबे मोजले. मी धरून चौऱ्याऐंशी उरले होते. उद्यापासून रोज एकच, असे तो कढईला म्हणाला.

आणि आता मी तुम्हाला ते सांगतो, जे मी सोडून कुणालाच माहीत नव्हते.

एका डब्याचे चार भाग केले तर कुणाचेच भागत नाही. तीन केले तर निदान तिघांचे भागते. भंडाऱ्याने तीन केले. तिघांना तो टेबलाशी वाढायचा आणि म्हणायचा, मी आत चुलीशी बसून खातो. भंडारी नेहमी शेवटीच जेवतो, त्यात नवल ते काय? कुणी काही विचारले नाही. आत येऊन तो पालथ्या घातलेल्या पातेल्यावर बसायचा. रिकाम्या डब्यात थोडे गरम पाणी ओतायचा, हलवायचा, कडेला चिकटलेला वास आणि तेलाचे चार थेंब त्या पाण्यात उतरायचे आणि ते पाणी तो भातावर घ्यायचा. तेच त्याचे जेवण. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, जवळजवळ तीन महिने.

मित्रांनो, माझ्या पोटात त्याला हवे ते सगळे होते. हातभर अंतरावर होतो मी. पण माझे झाकण आतून उघडत नाही. कोंडणे म्हणजे काय, ते मला झाकण बसले तेव्हा कळले असे मी समजत होतो. ते खोटे होते. समोरचा माणूस झिजत असताना बोलता न येणे, हे त्याहून मोठे कोंडणे आहे.

भंडाऱ्याचे पोट गेले, गाल गेले. पंचा खांद्यावरून घसरू लागला. उलट पाय मात्र जाड होत चालले. लंबू त्याला चिडवायचा, भंडारी, तुमचा सगळा खुराक पायात उतरला. भंडारीही हसायचा. मग बूट बसेनात, तेव्हा त्याने बुटांच्या टाचा दुमडून त्यांच्या सपाता केल्या. भांड्यांशी बोलणे कमी होत गेले. पुढे पुढे तो बुडबुडणाऱ्या भाताकडे नुसता बघत उभा राहायचा.

एक दिवस कपाटात दोनच डबे राहिले, माझ्या शेजारचा आणि मी. कप्तानसाहेबांनी सांगितले होते की शेवटचा डबा उघडायचा नाही, तो वेळप्रसंगासाठी ठेवायचा. त्या दुपारी शेजारचा गेला. भंडाऱ्याने तीन ताटल्या वाढल्या, तिघांना नेऊन दिल्या, आत आला, पातेल्यावर बसला आणि रिकाम्या डब्यात पाणी ओतले.

तेवढ्यात मिस्त्रीकाका प्यायला गरम पाणी मागायला आत आले. एरवी त्यांची पावले दणदण वाजायची, पण त्या दिवशी ते अनवाणी होते आणि दारही उघडेच होते. भंडाऱ्याला चाहूलच लागली नाही. काका दारात उभे राहून बघत राहिले. डबा हलवला जाताना, पाणी भातावर पडताना, भंडारी तो भात डोळे मिटून खाताना. मग त्यांनी त्याच्या पायांकडे पाहिले.

"तुझा वाटा कुठाय?" काकांनी विचारले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला होता.

भंडारी दचकला. ताटली मागे सारून म्हणाला, खाल्ला. काकांनी चुलीजवळ बघितले, टेबलावर बघितले. तिथे दुसरे काही नव्हते. ते त्याच्यासमोर जमिनीवर बसले, गुडघे कडकड वाजले.

"किती दिवस?"

भंडाऱ्याने हातातला डबा खाली ठेवला. मग हळूहळू त्याने सांगितले. जहाज निघताना मालकाच्या माणसाने विचारले होते, किती दिवसांचा शिधा भरू? महिनाभरात घरी परतू, असा अंदाज होता. भंडारीच म्हणाला होता, दोन महिन्यांचा पुरे, उगाच कशाला जास्त. "तेव्हा जीभ आवरली असती तर आज ही वेळ आली नसती, काका. माझ्यामुळे तुम्ही उपाशी राहिलात. मग मी कोणत्या तोंडाने खाऊ?"

"जहाज तू थांबवलंस?" काका म्हणाले. "फोन तू उचलत नाहीस? अरे, तू अंदाज चुकलास. पळून गेला तो दुसराच. आणि आम्ही तिघं रोज तुझ्या हातचं खातोय, एकालाही वाटलं नाही की हा कधी जेवतो ते बघावं. त्याचं काय करायचं?"

ते उठले आणि जाळीचे दार उघडून त्यांनी मला बाहेर काढले. भंडाऱ्याने हात धरला. कप्तानसाहेबांनी वेळप्रसंगासाठी ठेवायला सांगितला आहे, असे तो म्हणाला.

"हाच तो प्रसंग," काका म्हणाले.

जन्मभर मोठाली इंजिने उघडणाऱ्या त्या माणसाला एक डबा धड उघडता येईना. दोनदा ओपनर निसटला. तिसऱ्यांदा पाते माझ्या कडेत शिरले, टच्च झाले आणि चार वर्षांनी माझ्या पोटात उजेड आला. मला वाटले होते, त्या क्षणी मी फार आनंदात असेन. तसे काही झाले नाही. मी भंडाऱ्याच्या ओठांकडे बघत होतो, कोपऱ्यांना चिरा पडलेल्या. काकांनी पहिला घास भरवला. दुसऱ्याला भंडारी नको म्हणाला, पण त्याचा हात आपोआप पुढे आला.

आवाज ऐकून कप्तानसाहेब आणि लंबू दारात आले. काकांनी त्यांना दोन वाक्यांत काय ते सांगितले. लंबू चौकटीशीच खाली बसला. आपल्या ताटलीत येणारा जादा चमचा कुणाच्या ताटलीतून येत होता, हे त्याला कळले होते. कप्तानसाहेब दारातूनच वळले. ते वर गेले. नऊ वाजायची वाट त्यांनी पाहिली नाही. वायरलेसवर त्यांचा मऊ आवाज वाऱ्याबरोबर खिडकीतून आम्हाला ऐकू आला.

"जहाजावर माणूस आजारी आहे. सर्व ठीक नाही. मी इतके महिने खोटं सांगत होतो, त्याची जबाबदारी माझी. डॉक्टर पाठवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदराच्या होडीतून एक डॉक्टरबाई आल्या, सोबत एक अधिकारी. दोरीच्या शिडीवरून चढताना बाईंचा हात सोलवटला, पण त्या थेट स्वयंपाकघरात आल्या. त्यांनी भंडाऱ्याच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. तिथे खड्डा पडला तो तसाच राहिला. पाय जाड झाले नव्हते, कसदार अन्न न मिळाल्याने सुजले होते. मग त्यांनी बाकी तिघांना तपासले. तिघेही थकलेले, पण पायावर उभे होते. काय खात होता, असे विचारल्यावर काकांनी मला उचलून दाखवले.

बाईंनी मला उलटसुलट पाहिले. अशा अडचणीत माणसाला नुसते पोट भरून चालत नाही, शरीराची झीज भरून काढणारे प्रथिन लागते, आणि ते तुम्हाला या स्वस्त डब्याने दिले, असे त्या अधिकाऱ्याला म्हणाल्या. "हे तिघं उभे आहेत ते यामुळे. आणि हा पडलाय तो यांना उभं ठेवून. आणखी पंधरा दिवस गेले असते तर माझ्या येण्याचा काही उपयोग झाला नसता." अधिकाऱ्याने मान खाली घातली आणि कागदावर लिहायला सुरुवात केली.

भंडाऱ्याला दवाखान्यात न्यायचे ठरले. किनाऱ्यावर पाय ठेवायची परवानगी त्याला एकट्यालाच मिळाली, आणि गंमत बघा, जायला तोच तयार नव्हता. यांना जेवायला कोण घालणार, असे विचारू लागला. शेवटी काका ओरडले, की आजपासून भंडारी मी आहे, तू निघ. निघण्यापूर्वी त्यांनी मला धुतले, कानशीने माझी धारदार कड घासून गुळगुळीत केली, माझ्यात डॉक्टरबाईंनी दिलेल्या गोळ्या ठेवल्या आणि मला भंडाऱ्याच्या हातात दिले. स्ट्रेचरवरून खाली उतरवताना त्याने मला छातीशी धरले होते.

माणूस दवाखान्यात गेल्यावर बंदराला डोळे झाकून बसता येईना. तीन आठवड्यांत जहाजावर पहाऱ्याची दुसरी माणसे आली आणि कप्तानसाहेब, काका, लंबू आपापल्या घरी गेले. लंबूचे मुलीच्या लग्नाला जाणे हुकले ते हुकलेच. जावयाला त्याने पहिल्यांदा पाहिले ते लग्नाला महिने उलटल्यावर. कप्तानसाहेबांची चौकशी झाली. परवाना राहिला, पण ते पुन्हा समुद्रावर गेले नाहीत.

भंडारी दीड महिना अंथरुणावर होता. आता तो एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करतो आणि संध्याकाळी घरी येतो. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचे घर आहे. त्याची बायको मला माप करून तांदूळ मोजते. तिच्या ओट्यावरची माझी जागा ठरलेली आहे. महिन्याच्या सामानात चार-सहा टूनाचे डबे असतातच, आणि त्यांची मुलगी ते भातात परतून आवडीने खाते. शेजारीण एकदा म्हणाली, डब्यातलं काय खाता? मुलीने तिला एक घास दिला. आता शेजारीणही आणते.

मागच्या महिन्यात मिस्त्रीकाका जेवायला आले होते. केस आणखी पिकले आहेत, आवाज तेवढाच मोठा. काका, भंडारी आणि मुलगी जेवायला बसली. बायको गरम गरम वाढत होती, ओट्यापासून पानांपर्यंत ये-जा करत होती. भंडाऱ्याने घास उचलला. काकांनी उचलला नाही. ते हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

"काय झालं, काका? तिखट झालंय का?" बायकोने विचारले.

"वहिनी, तुमचं ताट कुठाय?"

"तुम्ही बसा. मी बसते मागून. माझं रोजचंच आहे."

भंडाऱ्याचा घास हातातच राहिला. त्याने आधी तिच्याकडे पाहिले, मग ओट्यावरच्या कढईकडे. कढईत कडेला थोडे खरवडण्याइतकेच उरले होते. लग्नाला बावीस वर्षे झाली होती. हा माणूस समुद्रावर तीन महिने दुसऱ्यांसाठी उपाशी राहिला होता, पण आपल्या घरात मागून बसणारीच्या ताटात काय उरते, ते त्याने एकदाही पाहिले नव्हते. तो उठला. मांडणीवरून त्याने चौथे ताट घेतले, आपल्या ताटातला अर्धा मासा त्यात काढला, अर्धा भात काढला आणि ते ताट आपल्या शेजारी मांडले. बायको अवघडून उभीच राहिली. मुलीने तिचा पदर धरून तिला खाली बसवले. मग काकांनी जेवायला सुरुवात केली.

मित्रांनो, अन्न स्वस्त आहे म्हणून त्याला नावे ठेवू नका आणि डब्यात आहे म्हणून टाकून देऊ नका. डबा घेताना मुदत बघा, तो फुगलेला नाही ना ते बघा, आणि वेळेवर खा. आम्हाला वर्षानुवर्षे फळीवर कोंडून ठेवण्यात कुणाचेच भले नाही. पण माझी खरी विनंती ही नव्हे. मी बोलू शकत नव्हतो, तुम्ही बोलू शकता. आज जेवायला बसाल तेव्हा पहिला घास उचलण्याआधी तुम्हाला वाढणारीला किंवा वाढणाऱ्याला एवढेच विचारा, की तुझे ताट कुठे आहे. आणि उत्तर मिळेपर्यंत हात मांडीवर ठेवा.